अंगणातील आतषबाजी : आधी हिशेब, मग वात

आश्विन अमावास्येच्या पहाटे कोल्हापुरातील जिनमंदिरांत भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते, निर्वाणलाडू अर्पण केला जातो. त्याच दिवशी सायंकाळी लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि गुजरीतील पेढ्यांवर वहीपूजन होते. पूजा आटोपून मंडळी घरी परततात, तेव्हा मुले फटाक्यांची पेटी घेऊन परसदारी वाट पाहत उभी असतात. पहाटे ज्या घराने अहिंसेचे स्मरण केले, त्याच घराच्या अंगणात रात्री दारूची वात पेटते. अनेक कुटुंबांनी फटाके न उडविण्याचा नियम घेऊन हा प्रश्न कायमचा मिटविला आहे. त्यांना या लेखाची गरज नाही. परंतु जेथे नियम घेतलेला नाही, जेथे नातवंडांचा आग्रह मोडवत नाही आणि पाहुण्यांसमोर ‘थोडेसे तरी’ दारूकाम होतेच, तेथे ते कसे व्हावे याचा विचार करणे आवश्यक आहे.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन येथे लागू पडतात. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हे हिंसादान, आणि कारणावाचून माती, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती यांना धक्का लावणे ही प्रमादचर्या. फटाक्यांची पेटी भेट म्हणून देण्याची प्रथा व्यापारात रूढ आहे. ती पहिल्या प्रकारात बसते की नाही, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे. दुसऱ्या प्रकाराबाबत मात्र दुमत होण्याचे कारण नाही. आग लावणाऱ्याचे लक्ष नसणे हा दोष धर्माच्या वहीत जसा मांडला जातो, तसाच कायद्याच्या आणि विम्याच्या वहीतही मांडला जातो.

महाराष्ट्राला शोभेच्या दारूची हौस जुनी आहे. भारतातील आतषबाजीचा इतिहास लिहिणारे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात पेशव्यांच्या बखरीतील एका प्रसंगाची नोंद घेतली आहे. महादजी शिंदे यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकविले. तेथील राजा दारूची लंका रचीत असे. रावण, राक्षस, वानर आणि हनुमान सारे दारूचे, आणि हनुमानाचे शेपूट पेटले की लंका जळू लागे. पेशव्यांनाही तसे पाहण्याची इच्छा झाली आणि पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तो खेळ झाला. या वर्णनातील एक तपशील आजच्या गृहस्थाने ध्यानात घ्यावा. कोट्याची लंका नगराबाहेर रचली जात असे आणि पुण्याचा खेळही वस्तीपासून दूर झाला. ज्यांच्यापाशी राज्य होते, हत्ती होते आणि पाणी वाहणारी माणसे होती, त्यांनीही दारू वाड्याच्या चौकात पेटविली नाही.

तेव्हा पहिला हिशेब जागेचा. ब्रिटनमध्ये घरगुती दारूकामाची वर्गवारी अंतरावर केलेली आहे. बागेत उडविण्याच्या सामान्य प्रकारांसाठी प्रेक्षक किमान ८ मीटर, म्हणजे सुमारे २६ फूट दूर असावेत आणि मोठ्या प्रकारांसाठी २५ मीटर, म्हणजे सुमारे ८२ फूट. आता रुईकर कॉलनी किंवा नागाळा पार्क येथील एखादा ३००० चौरस फुटांचा, पन्नास बाय साठचा भूखंड डोळ्यांसमोर आणावा. त्यातून घराची जागा वजा केली तर उरलेल्या परसात ८२ फूट कोणत्याही दिशेने निघत नाहीत. याचा अर्थ सरळ आहे. बाण, आकाशात फुटणारे गोळे आणि अनेक नळ्यांचे ‘शॉट’ यांना घरच्या अंगणात जागाच नाही. भुईनळा, भुईचक्र आणि फुलबाजी एवढेच तेथे बसू शकतात. तेसुद्धा प्रेक्षक चहूबाजूंनी न बसता एकाच बाजूला, ओसरीवर किंवा ओट्यावर बसतील तर. शुक्रवार पेठ, महाद्वार रोड अशा दाट वस्तीत, जेथे गल्लीच्या दोन्ही बाजूंस लाकडी माडीची घरे आहेत, तेथे एवढीही जागा नसते. वाळलेले लाकूड किती लवकर हातचे जाते, हे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आगीत सगळ्या शहराने पाहिले आहे. ती आग दिवाळीची नव्हती. परंतु आगीला सणवार कळत नाही.

दुसरा हिशेब पदार्थाचा. शोभेच्या दारूचा जुना पाया म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण प्रमाण ७५, १५ आणि १०. यातील सोरा स्वतःच प्राणवायू पुरवितो. त्यामुळे पेटलेल्या दारूवर घोंगडे टाकून हवा तोडली तरी ती विझत नाही. तिला गार करावे लागते, आणि त्यासाठी भरपूर पाणीच हवे. मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिली जाणारी फुलबाजीही निरुपद्रवी नाही. तिच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असते. गुजरीतील मुशीत सोने वितळते ते १०६४ अंशांना. सोनाराच्या मुशीजवळ पाच वर्षांच्या मुलाला कोणी उभे करणार नाही, पण फुलबाजी मात्र त्याच्या मुठीत दिली जाते. पाच वर्षांखालील मुलांनी ती दुरून पाहावी. मोठ्या मुलांनी एका वेळी एकच, हात लांब करून, कोणाच्याही अंगावर न रोखता धरावी. विझलेली तार बराच वेळ तापलेली राहते. ती जमिनीवर न टाकता लगेच पाण्याच्या बादलीत टाकावी, कारण अनवाणी पाय अशाच तारांवर पडून भाजतात.

तिसरा हिशेब कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयात दिवाळीतील आतषबाजीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, फटाक्यांच्या माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली व कमी प्रदूषणाच्या, म्हणजे ‘हरित’ फटाक्यांनाच वाव ठेवला. हे हरित फटाके नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने विकसित केले. त्यांतून धूलिकणांचे प्रमाण किमान ३० टक्क्यांनी घटते असे संस्थेचे म्हणणे आहे. खऱ्या मालाच्या वेष्टनावर संस्थेचे चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. रोकड मोजून घेणाऱ्या व्यापाऱ्याने तो तपासण्यास कंटाळू नये. मात्र हरित म्हणजे थंड नव्हे. हा फटाकाही तितकाच भाजतो. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारे फटाके नियमबाह्य आहेत. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो. स्फोटक पदार्थाबाबत निष्काळजीपणा करून इतरांच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘सणाचा दिवस होता’ हा त्यावर बचाव नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. आदल्या दिवशीच एका प्रौढ व्यक्तीकडे सारी जबाबदारी सोपवावी. यजमानाचे लक्ष पाहुण्यांकडे असते, म्हणून शक्यतो ती व्यक्ती यजमान नसावी. काय, किती आणि कोणत्या क्रमाने पेटवायचे याची यादी कागदावर करावी. वीस मिनिटांचा कार्यक्रम पुरेसा होतो. दुपारी उजेड असतानाच परस झाडून वाळलेली पाने, पेंढ्या, खोकी आणि दोरीवरचे कपडे काढावेत. वाहने बाहेर न्यावीत. आकाशकंदील, मंडपाचे कापड आणि गॅसचे सिलिंडर जवळपास नाहीत याची खात्री करावी. खिडक्या लावून घ्याव्यात. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या, नळाला जोडून चालवून पाहिलेला पाइप आणि वाळूने भरलेली घमेली तयार ठेवावीत.

फटाक्यांची पेटी झाकणाची असावी आणि ती पेटविण्याच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूस ठेवावी. एका वेळी एकच नग बाहेर काढून झाकण पुन्हा लावावे. १० एप्रिल २०१६ रोजी केरळमधील कोल्लम जिल्ह्यात पुट्टिंगल मंदिराच्या उत्सवात शंभरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परवानगी नाकारलेली असताना आतषबाजी सुरू होती, आणि एक ठिणगी साठ्यापर्यंत पोहोचली. घरची पेटी लहान असते, पण नियम तोच. साठा आणि खेळ एका जागी असू नयेत. पेटीशेजारी पणती नसावी आणि त्या रात्री खिशातही फटाके ठेवू नयेत.

भुईनळा वाळूच्या घमेल्यात तळाशी घट्ट रोवावा, म्हणजे तो कलंडत नाही. भुईचक्रासाठी सपाट फरशी हवी. वात पेटविणाऱ्याने सुती कपडे व बंद पादत्राणे घालावीत. नायलॉनची साडी, ओढणी आणि सैल बाह्या टाळाव्यात. लांब उदबत्तीने, हात पूर्ण पसरून, तोंड बाजूला करून वात पेटवावी आणि मागे सरावे. नळ्यावर वाकून फुंकर मारणे म्हणजे डोळे गहाण टाकणे होय. सुरुवात करण्यापूर्वी उदबत्तीचा धूर कोणीकडे जातो ते पाहावे. धूर प्रेक्षकांकडे जात असेल तर जागा बदलावी, आणि वारा जोराचा असेल तर कार्यक्रमच रद्द करावा.

खेळ बिनचूक व्हावा असे वाटत असेल तर माल कोरडा हवा. परतीच्या पावसात दमट झालेले फटाके उन्हात वाळत घालण्याची सवय घरोघरी आहे. ती सोडावी. चुलीशेजारी तर ते मुळीच ठेवू नयेत. जुना किंवा दमट माल घेऊच नये. न पेटलेल्या नगाकडे किमान वीस मिनिटे कोणी जाऊ नये, त्याला पुन्हा वात लावू नये. नंतर लांबून भरपूर पाणी ओतून तो बादलीत रात्रभर भिजत ठेवावा. अर्धवट फटाक्यांतील दारू कागदावर काढून पेटविणे हा मुलांचा आवडता उद्योग असतो. बहुतेक घरांत मोठ्यांचे लक्ष त्याच वेळी फराळाच्या ताटांकडे गेलेले असते. म्हणून वाटण्या झाल्या तरी जबाबदार व्यक्तीने सर्व अवशेष भिजेपर्यंत जागा सोडू नये.

एवढे करूनही भाजलेच, तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे भाग धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. अंगठी, बांगडी सूज येण्यापूर्वी काढावी. डोळ्याला मार लागल्यास तो चोळू नये, दाबू नये, त्यात काही घालू नये. वरून कागदी पेला अलगद धरून थेट रुग्णालय गाठावे. अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दाराशी लिहून ठेवावेत.

शेवटचा हिशेब रुपयांचा, आणि व्यापारी घरांत नेमका हाच राहून जातो. दिवाळीपूर्वी दुकानात माल सर्वाधिक असतो, पण विम्याची रक्कम एप्रिलमध्ये ठरविलेली असते. समजा, गोदामात ६० लाखांचा माल आहे आणि विमा ४० लाखांचा आहे. बाहेरच्या एका बाणाने १५ लाखांचा माल जळाला, तर भरपाई दोन-तृतीयांश या प्रमाणात, म्हणजे १० लाखच मिळते. उरलेले ५ लाख मालकाचे. छोट्या उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते, येथे ती ३३ टक्के आहे. माल बँकेकडे तारण असेल तर मिळणारी रक्कमही प्रथम कर्जखात्यात जमा होते. यासाठी नवरात्रापूर्वीच साठ्याचे मूल्य पाहून विमा वाढवून घ्यावा. नातेवाइकाचे फटाके ‘दोन दिवसांसाठी’ गोदामात ठेवून घेऊ नयेत. विमा कंपनीला न सांगता ठेवलेला स्फोटक माल दावा नाकारण्यास पुरेसे कारण ठरू शकतो. आणि शेजारच्या मुलाच्या डोळ्याला इजा झाली, तर घराची अग्निविमा पॉलिसी त्याचा एक रुपयाही देत नाही.

वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीचे पहिले पान कोरे असते. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी दुपारीच मुलांना जवळ बसवून वरची यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी : किती नळे, कोणत्या क्रमाने, पाणी कोठे, पेटी कोठे, शेजारी कोणाकडे तान्हे मूल किंवा आजारी वृद्ध आहे, अंगणातील झाडावर पाखरांची घरटी आहेत काय. यादी करताना मुले स्वतःच काही नावे खोडतात. काही घरांत ती सारीच खोडली जातील आणि परसात फक्त पणत्या लागतील. ज्या घरी एखादी ओळ उरेल, तेथे ती सावधपणे पेटविली जावी, आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या ओवाळणीला घरातील प्रत्येक जण धडधाकट, दोन्ही डोळ्यांनी दिवा पाहत बसलेला असावा.