आर्वीचे स्थानक, १:८७

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव ते आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग १९१७ मध्ये सुरू झाला. आर्वी भागातला कापूस पुलगावला मुख्य मार्गापर्यंत आणणे, हे त्याचे मोठे काम होते. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. मूर्तिजापूर-यवतमाळची ‘शकुंतला’ही तिचीच. आर्वीची गाडी केव्हाच बंद झाली. या मार्गाची चर्चा आता होते ती ब्रॉडगेजच्या निमित्ताने, आणि त्या चर्चेत स्थानकांच्या इमारती सहसा नसतात.

या इमारतींकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक छंद आहे, तो म्हणजे रेल्वेच्या लघुप्रतिकृती करण्याचा. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. इंजिने आणि रूळ विकत मिळतात. विदर्भातल्या छोट्या स्थानकाचा तयार संच मात्र बाजारात सापडत नाही. मग ते मुळापासून बांधावे लागते. या बांधणीला स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात आणि त्यासाठी स्टायरीनचे, म्हणजे पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे, पातळ ताव वापरतात. मखराचा थर्माकोल हे याच प्लॅस्टिकचे फुगवलेले रूप.

सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७, ज्याला एचओ म्हणतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. या प्रमाणात तो १९ मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो. बाजारातले एचओ रूळ मात्र युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून घेतलेले, १६.५ मिलिमीटरचे. त्यामुळे मुंबई-नागपूर मार्गाची प्रतिकृती पायातच थोडी खोटी ठरते. आर्वीचा नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा. त्याचे सुमारे पावणेनऊ होतात आणि ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. उपेक्षित मार्गाला मिळालेला हा एक अनपेक्षित फायदा.

स्टायरीनचा ताव आरपार कापावा लागत नाही. पट्टी धरून कटरने खाच पाडायची आणि ताव वाकवायचा; तो खाचेवर सरळ तुटतो. सांध्यासाठी डिंक चालत नाही, द्रावक लागतो. दोन तुकडे गुण्याला धरून सांध्याला द्रावकाचा ब्रश टेकवला की केशाकर्षणाने तो फटीत शिरतो, दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि उडून गेल्यावर तिथे एकच सलग प्लॅस्टिक उरते. नवशिके इथेच चुकतात. द्रावक जास्त झाला आणि त्याची वाफ दोन थरांत अडकली, तर भिंत हळूहळू वाकते. म्हणून आतून आधारपट्ट्या लावतात आणि पोकळ भागाला भोक ठेवतात. ही वाफ श्वासाला घातक असल्याने काम उघड्या खिडकीपाशीच करावे. सनबोर्ड म्हणून मिळणारा फेसाळ पीव्हीसीचा ताव दिसायला सारखा असला, तरी या पद्धतीला उपयोगाचा नाही.

खरी मेहनत जाडीची आहे. १ मिलिमीटरचा ताव म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ८७ मिलिमीटरची भिंत. दीड विटेची, सुमारे साडेतेरा इंची भिंत दाखवायची, तर जवळपास ४ मिलिमीटर हवेत. सगळी भिंत तेवढी जाड करण्याची गरज नसते. दारे-खिडक्यांच्या कडांना आतून पट्ट्या लावल्या की उन्हात सावली खोल पडते आणि इमारत जुनी वाटू लागते.

पण या पट्ट्या किती रुंद कापायच्या, हे फोटोवरून कळत नाही. समोरून घेतलेला फोटो भिंतीची जाडी लपवतो आणि मागच्या बाजूचा फोटो बहुतेकदा कोणी काढलेलाच नसतो. प्रत्यक्ष जाऊन लांबी-रुंदी मोजावी लागते. उंचीसाठी विटांचे दहा थर मोजपट्टीने मोजायचे, मग वरपर्यंतचे थर नुसते मोजत जायचे. छपरापर्यंत शिडी लागत नाही.

आमच्या मते या छंदाचे सार्वजनिक मोल तयार प्रतिकृतीपेक्षा या मोजणीत आहे. इमारत पडल्यावरही तिचा मोजलेला आराखडा उपयोगी पडतो, आणि त्यावरून दुसरा कोणीही ती पुन्हा बांधू शकतो. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षण शिकावेच लागते. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी त्यासाठी पुलगाव-आर्वी मार्ग घ्यावा आणि रेल्वेने त्यांना लेखी परवानगी द्यावी. जिथे छप्पर गेले असेल, ती इमारत पावसाळ्याआधी मोजावी.