खेळाचा तास कोणाचा?

स्मरणिकेत निकाल, इमारती आणि देणगीदार यांची नोंद होणे योग्यच आहे. तथापि आपल्या वसतिगृहातील सहा-सात वर्षांची मुले दिवसातून किती वेळ स्वतःच्या मनाने खेळतात, याचीही नोंद असावी, असे मला वाटते. घरी राहणाऱ्या मुलाला शाळा सुटल्यावर गल्ली मिळते, अंगण मिळते. निवासी विद्यार्थ्याची शाळा सुटतच नाही. पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत त्याचा प्रत्येक तास कोणीतरी आखून दिलेला असतो.

‘मुलाला खेळायला नव्हे, शिकायला पाठवले आहे,’ असे पालक म्हणतात. या वाक्यामागे इतिहास आहे. साताऱ्याच्या शाळेत बालभीमाला स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपाई नसला तर तहानेलाही उपाय नसे. ज्यांच्या पूर्वजांना शाळेची पायरी नाकारली गेली, त्यांना एक तासही दवडणे जड जाते. पण खेळाचा तास दवडलेला असतो, हे गृहीतक तपासले पाहिजे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने ही तेथील शिक्षणसामग्री झाली. वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तेथे रुजला. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ त्यात आहे. वंचितांच्या मुलांना खेळ परवडत नाही, या समजुतीला महाराष्ट्राने तेव्हाच उत्तर दिले होते.

शिस्तबद्ध क्रीडास्पर्धा पुरेशा आहेत, असाही युक्तिवाद होतो. बाळू पालवणकर यांच्या फिरकीची पुण्याच्या क्लबाला गरज होती. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या पेल्यातून मिळे. स्पर्धा गुणवत्ता हेरते. तिच्यातून बंधुता आपोआप निपजत नाही. याउलट मुले स्वतः डाव मांडतात तेव्हा नियम त्यांनाच ठरवावे लागतात, भांडण त्यांनाच मिटवावे लागते. लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून सामावून घेतले जाते. दुबळ्याला डावाबाहेर न काढता त्याच्यासाठी नियम बदलणे, हा संविधानाचा पहिला पाठ नव्हे काय? मोठ्यांनी शिट्टी वाजवली की तो पाठ थांबतो.

पनवेलमध्ये मोकळी जमीन झपाट्याने आटत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळेला मैदान आवश्यक आहे. पण मैदान असणे आणि ते मुलांच्या स्वाधीन असणे यांत अंतर आहे. शिवाय कोकणच्या पावसाळ्यात चार महिने मैदान चिखलाचे असते. तेव्हा छताखालील जागेचाही विचार हवा.

म्हणून व्यवस्थापनास माझी विनंती आहे. मैदानाचा एक भाग फरशीविना, माती आणि झाडांसह राखावा. पावसाळ्यात व्हरांडा व सभागृह रोज एक तास लहानांना द्यावे. तेथे ठोकळे, दोरी, जुनी पातेली ठेवावीत. शिक्षकांनी लक्ष ठेवावे, आज्ञा देऊ नये. माजी विद्यार्थ्यांनीही देणगी देताना नव्या खोलीइतकेच या मोकळ्या जागेचे मोल करावे.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण शिरोधार्य मानला. ‘संघटित व्हा’ याचा सराव मात्र मुले मैदानावरच करतात. तो त्यांच्यापासून काढून घेऊ नये.

जय भीम.