इतिहास-प्रकल्पाचा विषय निवडताना

आंतरमहाविद्यालयीन इतिहास-प्रकल्प स्पर्धेची सूचना फलकावर लागली की दरवर्षी एकच प्रकार दिसतो. मराठी विभागाचे विद्यार्थी शिवराज्याभिषेकाकडे वळतात, कन्नड विभागाचे कित्तूरच्या राणी चन्नम्माकडे. दोन्ही विषय थोर आहेत, याबद्दल वाद नाही. पण ग्रंथालयातील तीन पुस्तके समोर ठेवून चौथी वही भरायची, याला प्रकल्प म्हणावे काय? १६७४ किंवा १८२४ साली काय घडले हे लिहिणाराला ठाऊक असते आणि परीक्षकांनाही. मग शोध कसला घेतला?

वाणिज्य शाखेच्या मुलाने यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हिशेबतपासनीस पावती पाहिल्याशिवाय नोंद मान्य करीत नाही. विषय निवडताना हीच कसोटी लावावी. ज्याची ‘पावती’ दोन महिन्यांत, आपल्या खिशाला झेपेल एवढ्या बसभाड्यात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल, तोच विषय घ्यावा.

उदाहरणार्थ, १९२४ ची बेळगाव काँग्रेस घेऊ. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, आणि ते आपल्या गावी. २०२४ साली त्याची शताब्दी झाली, भाषणेही पुष्कळ झाली. ‘बेळगाव काँग्रेस’ एवढाच विषय घेतला तर आपल्या हातून आणखी एक भाषणच होईल. पण त्या अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खणली गेली आणि तिला पंपा सरोवर असे नाव दिले गेले. तिचा खर्च ४,३७० रुपये ३ आणे झाला असे सांगतात. त्या तीन आण्यांपाशी मी थबकतो. इतका काटेकोर आकडा आहे, त्या अर्थी कोणी तरी जमाखर्च ठेवला असला पाहिजे. तो कोणी ठेवला? खणणाऱ्यांना रोज काय मिळाला? अधिवेशन उठल्यावर त्या विहिरीचे पाणी कोण भरू लागले? एवढ्या तीन प्रश्नांवर उत्तम प्रकल्प उभा राहील.

या अधिवेशनाच्या नोंदी दोन भाषांत आहेत, हेही ध्यानात घ्यावे. त्याचे प्रमुख संयोजक गंगाधरराव देशपांडे टिळकांचे अनुयायी होते. त्यांनी आत्मचरित्र मराठीत लिहिले, आणि ते ओळखले गेले ‘कर्नाटक सिंह’ म्हणून. त्याच अधिवेशनात हुयिलगोळ नारायणरायांचे कन्नड नाडाचे गीत गायिले गेले, आणि त्याच सुमारास येथे कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली. नुसते मराठी वाचणाऱ्याला अर्धी हकीकत कळते, नुसते कन्नड वाचणाऱ्याला उरलेली अर्धी. नावे आणि जमा या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय तेरीज जुळत नाही.

आपल्या गावात इतिहास म्हटला की ‘बेळगाव कोणाचे?’ हा एकच प्रश्न पुढे येतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाने घरूनच आणलेले असते. मी मराठी शाळेत शिकलो. मराठीचा मला अभिमान आहे आणि तो मला सोडायचा नाही. परंतु पुराव्याच्या रकान्यात अभिमान मांडता येत नाही.

दुसरा विषय सुचवितो. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि लगतचे बेळगाव ब्रिटिश अमलाखाली. थोडे चालले की राज्य बदलत असे! तेथील साड्यांचे व्यापारी कर कोणाकोणाला भरीत? हिशेब कोणत्या लिपीत लिहीत? एखाद्या जुन्या पेढीच्या माळ्यावर मोडीतील कीर्द-खतावणी पडली असेल, तर वाळवीच्या आधी आपण तेथे पोहोचले पाहिजे. त्यासाठी मोडी शिकावी लागली तरी शिकावी.

प्राध्यापक महोदयांना एक नम्र विनंती आहे. प्रवेशपत्रावर ‘विषय’ या रकान्याखाली आणखी दोन रकाने असावेत : ‘कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधणार?’ आणि ‘कोणती मूळ साधने, कोणत्या भाषेत पाहणार?’ शिवाय मराठी व कन्नड विभागांतील एकेक विद्यार्थी मिळून जोडीने प्रकल्प देऊ लागले, तर त्यास मुभा असावी. यंदा विहिरीचा हिशेब शोधण्यास मी तयार आहे. कन्नड विभागातील जोडीदार हवा आहे.