फार्मसीचे प्रवेश : गुणवत्ता कोणती आणि कोणाची?

बारावीचे निकाल लागले की परभणी–जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या गावांतून दरवर्षी एक धावपळ सुरू होते. विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेली मुले फायलीत कागद घालून तहसील कचेरीच्या आणि सेतू केंद्राच्या खेपा घालू लागतात. वैद्यकीय शिक्षणाचे दार ‘नीट’च्या गुणांनी बंद केलेले असते. अभियंत्यांची बेकारी तर गल्लीतच दिसत असते. म्हणून नजर फार्मसीकडे वळते. दोन वर्षांची पदविका, पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, औषधनिर्माता म्हणून नोंदणी आणि मग गावात औषधांचे दुकान, असा हिशेब घरात मांडला जातो. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब मांडावा यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो ज्या संस्थांच्या दारात ही मुले उभी राहतात त्यांचा. या संस्था मुलांमध्ये नेमके काय पाहतात?

नियमांच्या भाषेत याचे उत्तर सरळ आहे. पदविकेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित हे विषय हवेत. त्यांच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. तीन तास, 200 गुण, अकरावीचा भाग 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के. 2019 पासून ही परीक्षा संगणकावर होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. शिवाय अधिवास, उत्पन्न, जात, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर असे दाखले मुदतीत हजर करावे लागतात. वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती पडले नाही, तर मिळालेली जागाही हातची जाते.

कागदावर ही व्यवस्था निःपक्षपाती आहे. परंतु पर्सेंटाइल सांगतो तो इतकेच की आपल्या मागे किती जण राहिले; कोणी कोठून धावायला सुरुवात केली हे तो सांगत नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली शेतमजुराची मुलगी अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसते. तिच्याच वयाचा सुखवस्तू घरातला मुलगा लातूर किंवा नांदेडच्या शिकवणीत दोन वर्षे सराव परीक्षा देत असतो. दोघांना एकाच तराजूत तोलून निघालेल्या आकड्याला आपण गुणवत्ता म्हणतो. त्या आकड्यात बुद्धी आणि कष्ट आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बापाची ऐपतही त्यात मिसळलेली आहे, हे कबूल करण्याची शासनाची तयारी नाही.

दुसरे टोक याहून चिंताजनक आहे. शासनाची औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि रत्नागिरी येथे आहेत. झरीच्या मुलीला यांतले सर्वांत जवळचे महाविद्यालयही शेजारच्या जिल्ह्यापलीकडे आहे. 1983 साली महाराष्ट्राने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचा मार्ग खुला केला आणि शासनाने सोडलेली जागा खासगी संस्थांनी घेतली. 2019 मध्ये भारतीय औषधनिर्माणशास्त्र परिषदेने नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली. परंतु सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. शिक्षणसंस्था काढणे हा मूलभूत हक्क आहे आणि त्यावर निर्बंध घालायचा तर कायदा करावा लागेल, नुसत्या ठरावाने भागणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. तसा कायदा करण्याची निकड मात्र राज्यकर्त्यांना वाटली नाही. महाविद्यालये वाढत गेली. ज्या संस्थेला जागा भरायच्या आहेत ती विद्यार्थ्यात काय पाहणार? शुल्क भरण्याची ऐपत, नाही तर शिष्यवृत्तीस पात्र ठरवणारा दाखला. मुलगा वर्गात बसेल की नाही, त्याला प्रयोगशाळेत काही शिकायला मिळेल की नाही, याची चौकशी तेथे होत नाही.

याची किंमत अखेर गाव मोजते. 1948 च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावयाचे असते. व्यवहारात भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे टांगलेले असते आणि गल्ल्यावर दुसराच बसतो, हे दृश्य खेड्यापाड्यांना अपरिचित नाही. पाच दिवसांचे प्रतिजैविक दोन दिवसांपुरते सुटे विकले जाते. त्याच रेणूची स्वस्त गोळी असताना नामांकित कंपनीची महाग गोळी हातात पडते. 1975 साली हाथी समितीने मूळ नावाने औषधे देण्याचा आग्रह धरला होता. तो आग्रह गावात उतरवायचा असेल, तर रसायनशास्त्र समजलेला आणि रोग्याशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस दुकानात हवा.

तेव्हा प्रवेश देताना पाहावे तरी काय? अमेरिकेत फार्मसीच्या शाळा मुलाखत, शिफारसपत्रे, दुकानातील किंवा रुग्णालयातील कामाचा अनुभव पाहतात. तेथील पीकॅट ही प्रवेशपरीक्षा 2024 मध्ये बंदच करण्यात आली. हे ऐकायला चांगले वाटते, पण आम्ही त्याची नक्कल करा असे म्हणणार नाही. मुलाखत आली की वशिला येतो आणि शिफारसपत्र आले की शिफारस करणारा आमदार शोधावा लागतो, एवढा अनुभव आपल्या गाठी आहे. लेखी गुणांची कसोटी उणी असली तरी गरिबाच्या मुलीला ती निदान समजते. तिला हात घालण्यापूर्वी त्या कसोटीपर्यंतची वाट सपाट केली पाहिजे.

त्यासाठी आमच्या मागण्या साध्या आहेत. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे; त्याला जोडून शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय काढावे. 2024 च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ झाले, हे स्वागतार्ह आहे. पण शुल्क माफ झाले म्हणून खोलीचे भाडे, खाणावळ आणि बसभाडे माफ होत नाही. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहे हवीत. खासगी संस्थांच्या प्रयोगशाळांची आणि हजेरीपटांची तपासणी पूर्वसूचना न देता व्हावी. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले बारावीचे वर्ष संपण्यापूर्वी शाळेतच मिळावेत.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर आपल्या कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. निकालानंतर झरीत आणि आसपासच्या गावांत आठवडाभर मदत केंद्र चालवावे, कोणता दाखला कोठे अडला आहे याची यादी करावी आणि ती घेऊन तहसीलदारांसमोर बसावे. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांना सोबत घेऊन महाविद्यालय पाहून यावे. परिषदेची मान्यता आहे काय, शिक्षक किती, प्रयोगशाळा चालू आहे काय, हे तीन प्रश्न तेथे विचारावेत. संस्था विद्यार्थ्यात काय पाहते हे आजवर आपण पुष्कळ ऐकले. आता विद्यार्थ्यानेही संस्थेत काय आहे ते पाहून मगच फी भरावी.