दिव्याखालचा मित्र, बियाण्यातला चोर

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की आपल्या वऱ्हाडात दोघे जण जागे होतात. एक दिसतो, दुसरा दिसत नाही.

दिसतो तो भेक. अमरावती असो की अकोला, रात्री दिव्याखाली हा खरबरीत, जाडजूड बेडूक ठाण मांडून बसतो. उन्हाळाभर तो दगडाखाली, मातीच्या फटीत दडून होता. त्याला शिवलं की चामखीळ येते म्हणतात, ते खोटं. चामखीळ विषाणूमुळे होते. मात्र त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत विष असतं, म्हणून हात लागलाच तर साबणाने धुवा.

न दिसणारी ती काणी, ज्वारीवरची बुरशी. तिचे धुळीसारखे बीजाणू बियाण्याला चिकटून पावसाची वाट बघतात. बी रुजलं की तेही रुजतात आणि कोंबात शिरतात. रोप हिरवंगार वाढतं, शेतकऱ्याला पत्ताच नाही! कणीस भरतं तेव्हा दाण्याच्या जागी मळकट पिशवी, आत काळी भुकटी. मळणीत पिशव्या फुटतात, भुकटी चांगल्या दाण्यांवर बसते. झाली पुढच्या वर्षाची सोय!

दोघांचा पसारा मोठा. भेकाची मादी पाण्यात हजारो अंड्यांच्या लांब माळा सोडते, तर काणीचे बीजाणू मोजता मोजता आपणच थकू. आणि गंमत ऐका! बुरशी ही वनस्पती नव्हेच. ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची, असं शास्त्रज्ञांनी 1993 साली दाखवून दिलं. म्हणजे काणी ज्वारीपेक्षा आपल्या भेकाचीच जवळची नातलग!

पण गुण बघा. भेक रात्रभर किडे मटकावतो, मजुरी मागत नाही. काणी आपल्या ताटातली भाकरी पळवते. तरी दगड कोणाला मारतो आपण? भेकाला!

काणीवरचा उपाय सोपा आहे. पेरणीआधी किलोभर बियाण्याला 4 ग्रॅम बारीक गंधक चोळायचं. हल्ली वऱ्हाडात सोयाबीन वाढलं, ज्वारी कमी झाली. पण घरचंच बियाणं पेरणार असाल, तर आजोबांना, बाबांना एवढं नक्की विचारा, "गंधक चोळलं का?"

आणि हो, आज रात्री दिव्याखाली भेक दिसला, तर लांबूनच दहा मिनिटं बघा. त्याने किती किडे गिळले, ते वहीत लिहून ठेवा.