घराचा उतरलेला भाव आणि विहिरीकडचे रान



दर वेळी आपण बियाणे, खत, कीड यांविषयी बोलतो. आजचा विषय घराचा आहे. पण त्याचा पैसा रानातूनच जातो, म्हणून या सदरात घेतला.

फाल्गुनात पंचायत समितीच्या आवारात एक वयस्कर शेतकरी माझ्याकडे आले. मुलगा ठाण्याला कारखान्यात नोकरीला. डोंबिवलीला नव्या इमारतीत त्याने ब्लॉक पाहिलेला, किंमत ४२ लाख. जाहिरातीत लिहिलेले : मुद्रांक शुल्क माफ, स्वयंपाकघर सजवून, वर सोन्याचे नाणे, सवलत फक्त गुढीपाडव्यापर्यंत. तात्या म्हणाले, "साहेब, पोरगं म्हणतंय बाजार पडलाय, आत्ताच घ्यावं. विहिरीकडचे वीस गुंठे काढावे म्हणतो. गिऱ्हाईक उभं आहे."

मी म्हटले, "तात्या, आधी हिशेब करू. रान कुठे पळून जात नाही."

आपल्याकडे कांद्याची आवक वाढली, की भाव त्याच दिवशी उतरतो. घरांचा बाजार तसा नाही. माल पडून राहिला तरी बिल्डर दर उघडपणे कमी करीत नाही. त्याची कारणे आहेत. दर उतरवला, की आधी घेतलेली गिऱ्हाईके भांडायला येतात. त्याला कर्ज देणारी बँकही त्याच दराकडे पाहत असते. शिवाय सरकारी रेडी रेकनरच्या बऱ्याच खाली व्यवहार केला, तर फरकावर देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही आयकर लागू शकतो. म्हणून दर फळ्यावर तसाच राहतो आणि सूट नाण्यातून, कपाटातून येते. जून २०२० मध्ये घरे पडून होती, तेव्हा केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी बिल्डरांना सांगितले होते, की भाव वाढण्याची वाट पाहू नका, माल विकून मोकळे व्हा. तरीही फळ्यावरचे दर सहजी हलत नाहीत.

यातून आपण काय घ्यावे? मंदीत मागणाऱ्याला मिळते. मुद्रांक शुल्काची माफी ही खरी सूट आहे. ४२ लाखांवर सहा-सात टक्के म्हणजे अडीच ते तीन लाख होतात. मात्र ती लेखी घ्यावी. ओटा, कपाटे, नाणे यांची किंमत बाजारात विचारून पाहावी आणि तेवढे पैसे दरातून कमी करून मागावेत. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढलेल्या एक लाख कर्जाचा हप्ता महिना सुमारे ८७० रुपये पडतो. म्हणजे एका लाखाचे दोन लाख आठ हजार फेडावे लागतात. दरात एक लाख कमी झाला, तर खरी बचत त्याच्या दुप्पट होते. नाणे पेटीत राहते, हप्ता दर महिन्याला दारात येतो.

दुसरी गोष्ट मापाची. सहाशे फूट म्हणून सांगतात आणि घरात पाऊल टाकले, की चारशेच भरतात. सहाशेला सहा हजारांचा दर म्हणजे ३६ लाख; प्रत्यक्ष चारशे फुटांना तो नऊ हजार पडतो. महारेराचा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्ण लागू आहे. त्याप्रमाणे विक्री चटई क्षेत्रावरच व्हायला हवी. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. रोखीने काही मागितले, तर तेथूनच परत फिरावे.

तिसरी गोष्ट "आता थोडे भरा, बाकी ताबा घेताना" या योजनेची. कर्ज आपल्या नावावर निघते, पैसे बिल्डरकडे जातात, आणि काम रखडले की हप्ते आपल्या गळ्यात पडतात. म्हणूनच सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच पैसे सोडायला सांगितले, आणि जुलै २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहकर्ज कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले. कोकणात मोहोर पाहून बाग देतात, तसाच हा व्यवहार. फळ धरले नाही, तर नुकसान कोणाचे, ते आधी ठरवावे लागते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतला शिल्लक ब्लॉक बिल्डरकडून घेतला, तर घर डोळ्यांनी दिसते आणि जीएसटीही लागत नाही. अशा शिल्लक मालावरच घासाघीस चांगली चालते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. स्वस्त घर का स्वस्त आहे, ते विचारावे. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींना महारेराचे क्रमांक मिळवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घरे घेणारी माणसे आपल्यासारखीच होती, कर्ज काढून आलेली. जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे पाहून येतो. बिल्डरने दाखवलेल्या नकलेवर भागत नाही. तसेच येथे महारेराचा क्रमांक पाहून थांबू नये. बांधकामाची परवानगी खरी आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारावे, लागल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज द्यावा. जमिनीच्या हक्काची छाननी आपल्या वकिलाकडून करवून घ्यावी.

तात्यांनी मुलाला फोन केला. मुलाने रजा काढून महापालिकेत चौकशी केली. तेवढ्यात पाडवा होऊन गेला. पुढच्या आठवड्यात त्याच इमारतीची नवी जाहिरात आली : सवलत फक्त अक्षय्य तृतीयेपर्यंत!

ब्लॉक घ्यायचा की नाही, ते अजून ठरायचे आहे. मुलाने घर करावे, यात वावगे काही नाही. भाड्यात जन्म काढू नये. पण पहिला हप्ता त्याच्या पगारातून आणि शिलकेतून उभा राहावा. घरचे रान काढायचेच झाले, तर विहिरीकडचे शेवटी. डोंबिवलीत ब्लॉक पुन्हा मिळतो. बारमाही पाण्याखालचे वीस गुंठे एकदा गेले, की त्या भावात परत येत नाहीत.

घरात सगळे बसून हा हिशेब करून पाहा. बायकांनाही बसवा, हिशेब त्यांचा पक्का असतो.