घेणारे प्रामाणिक होते, सांगणारे नाहीत

युरोप अंधारात चाचपडत असताना बगदादमध्ये ज्ञानाचा दीप तेवत होता, हे विधान आता पाठ्यपुस्तकांपासून परिसंवादांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. विधान खोटे नाही. इब्न अल-हैथमचे प्रकाशशास्त्र, उमर खय्यामचे घनसमीकरणांवरील काम ही अखिल मानवजातीची मिळकत आहे. तिचा आदर करण्यात हिंदू मनाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो कथेच्या आरंभाविषयी. तो दीप कोणाच्या तेलावर तेवत होता, हा प्रश्न निघाला की आपले पुरोगामी विचारवंत ग्रीसचे नाव आवर्जून घेतात आणि हिंदुस्थानापाशी आले की मौन धारण करतात.

ज्यांचा गौरव चालला आहे त्या विद्वानांनी स्वतः मात्र हे मौन कधीच पाळले नाही. बगदाद नगर वसले इ. स. ७६२ मध्ये. पुढच्या दशकात खलिफा अल-मन्सूरच्या दरबारी सिंधमधून आलेल्या शिष्टमंडळाबरोबर एक संस्कृत ज्योतिषग्रंथ पोहोचला. त्याच्या आधारे सिद्ध झालेला अरबी ग्रंथ ‘सिंदहिंद’ म्हणून ओळखला गेला. ‘सिद्धान्त’ या शब्दाचेच हे अरबी रूप! ज्या ब्रह्मगुप्ताची परंपरा या मार्गाने बगदादेत गेली, त्याने ६२८ मध्येच शून्याचे व ऋण संख्यांचे नियम सूत्रबद्ध केले होते.

नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने हिंदू गणनपद्धतीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मूळ अरबी ग्रंथ काळाच्या उदरात गडप झाला. पण उरलेल्या लॅटिन भाषांतरात या पद्धतीचे श्रेय हिंदूंना स्पष्टपणे दिलेले आहे. संगणकयुगाचा परवलीचा शब्द ‘अल्गोरिदम’ याच गणितज्ञाच्या नावावरून आला. १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोने युरोपला ही पद्धत समजावून सांगितली, तेव्हा त्यानेही ‘हिंदूंचे नऊ अंक’ असाच उल्लेख केला. अरबी भाषेत पूर्वेकडील अंकांना आजही हिंदी अंक म्हणतात. ‘अरबी अंक’ हे नामकरण युरोपचे. आणि आपल्या मुलांनी ते इंग्रजी पुस्तकांतून निमूटपणे घोकले!

शाळकरी मुलगा त्रिकोणमितीत ‘साइन’ शिकतो. हा शब्द आला कोठून? संस्कृत ‘जीवा’चे अरबीत ‘जीब’ झाले. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी. लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला. एका शब्दाच्या प्रवासात सारा इतिहास साठवलेला आहे. पण तो सांगावा असे किती पाठ्यपुस्तककारांना वाटते?

सर्वांत बोलकी साक्ष अल-बिरुनीची. १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझ्म जिंकले आणि या पंडिताला गझनीस नेले. त्याने संस्कृत आत्मसात केली आणि १०३०च्या सुमारास हिंदुस्थानावर महाग्रंथ लिहिला. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीस मिळवली आणि हिंदूंच्या विद्या जिंकलेल्या प्रदेशांतून काश्मीर, वाराणसीसारख्या दूरच्या स्थानी निघून गेल्या, असे तो नमूद करतो. हे लिहिणारा कोणी हिंदुत्ववादी नव्हता. महमूदाच्याच राज्यात राहणारा मुसलमान विद्वान होता. त्याच्या विद्वत्तेचे गोडवे गायचे आणि त्याची ही साक्ष मात्र दडवायची, याला इतिहासलेखन म्हणायचे काय?

परंतु अल-बिरुनी वाचायचा तर संपूर्ण वाचावा लागेल. आपल्यासारखे शास्त्र अन्यत्र कोठे नाही, अशा अहंकारात त्या काळचे हिंदू पंडित मग्न होते आणि आपली विद्या परक्यांना देण्यास नाखूश होते, असा ठपका त्याने ठेवला आहे. त्यांचे पूर्वज असे संकुचित नव्हते, हे सांगताना त्याने यवनांच्या ज्योतिषज्ञानाचा सन्मान करणाऱ्या वराहमिहिराचाच दाखला दिला. हा ठपका झोंबणारा आहे. म्हणूनच तो हिताचा आहे. ‘सारे आमचेच चोरले’ असा आक्रोश करणाऱ्या स्वकीयांनीही तो ऐकावा. जाहीरपणे ऋण मान्य करणाऱ्याला चोर म्हणत नाहीत. अपराध ऋणकोचा नाही. धनकोचे नाव खोडणाऱ्या आजच्या कारकुनांचा आहे.

त्यांना उत्तर घोषणांनी देता येणार नाही. अभ्यासानेच द्यावे लागेल. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये मराठीतच लिहून ठेवला आहे. तो किती मराठी घरांत उघडला जातो? परक्या अल-बिरुनीने संस्कृत शिकून ब्रह्मगुप्त वाचला. ब्रह्मगुप्ताच्या वारसांनी तेवढेही कष्ट घेऊ नयेत आणि श्रेयासाठी मात्र हात पुढे करावा, हे शोभणारे नाही.